एफ-वनमधले टायर: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

उन्हाळ्यात एफ-वनची, म्हणजे फॉर्म्युला वन गाड्यांची, युरोपातली शर्यत आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होते आणि सात वाजले की माझ्या फोनवर पहिला प्रश्न येतो: 'पुढे होता ना, मग पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या टायर बदलायच्या जागी) कशाला गेला?' दरवेळी नव्यानं टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून ही उत्तरं एका जागी ठेवली आहेत. कुठूनही वाचा. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एवढं महागडं इंजिन, एवढं तंत्रज्ञान. मग सगळी चर्चा टायरभोवतीच का फिरते?

इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, पंखांनी निर्माण केलेला दाब, हे सगळं शेवटी चार टायरमधूनच रस्त्यापर्यंत पोचतं. शिवाय शर्यत सुरू झाल्यावर टीमच्या हातात फारसं काही उरत नाही. इंजिन बदलता येत नाही, सस्पेन्शनला हात लावता येत नाही. २०१० पासून शर्यतीत पेट्रोल भरायलाही बंदी आहे. उरला टायर. कधी बदलायचा आणि कुठला लावायचा, या दोन निर्णयांना एफ-वनमध्ये 'स्ट्रॅटेजी' हे भारदस्त नाव आहे.

२. लाल, पिवळा, पांढरा म्हणजे काय? गेल्या शर्यतीतला सॉफ्ट आणि या शर्यतीतला सॉफ्ट एकच असतो का?

हे टायरच्या बाजूवरच्या पट्ट्याचे रंग. लाल म्हणजे सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. हिरवा इंटरमीडिएट हलक्या पावसासाठी आणि निळा जोरदार पावसासाठी. सॉफ्ट रस्त्याला जास्त चिकटतो, लवकर वेग देतो आणि लवकर संपतो. हार्डचं उलट.

दुसऱ्या भागाचं उत्तर: नसतो, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. एफ-वनला टायर पुरवणाऱ्या पिरेली कंपनीकडे रबराच्या मिश्रणांची एक रांग आहे. सी१ सगळ्यात कडक, आकडा वाढेल तसं मऊ. प्रत्येक शर्यतीला त्यातली तीन निवडतात आणि त्या तिघांना त्या आठवड्यापुरते लाल-पिवळे-पांढरे पट्टे मिळतात. २०२३ साली मोनॅकोला सी३, सी४, सी५ नेले होते आणि इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला सी१, सी२, सी३. म्हणजे तोच सी३ मोनॅकोत पांढरा 'हार्ड' होता आणि सिल्व्हरस्टोनला लाल 'सॉफ्ट'. मोनॅकोत वळणं संथ, रस्ता गुळगुळीत, टायरला फारसा त्रास नाही. सिल्व्हरस्टोनला लांबलचक वेगवान वळणं टायर अक्षरशः पिळून काढतात.

नेहमीच्या वीकेंडला एका गाडीला कोरड्या रस्त्याचे १३ सेट (चार टायरचा एक) मिळतात: ८ सॉफ्ट, ३ मीडियम, २ हार्ड. शुक्रवारी सरावात कुठले वापरले आणि रविवारसाठी कुठले राखून ठेवले, यावरूनच टीमच्या मनात काय आहे त्याचा अंदाज येतो.

३. आमच्या गाडीचा टायर गोटा झाला की पोलीस दंड करतो. यांचे तर नवे टायरच गोटा असतात! घसरत नाहीत?

कोरड्या रस्त्यावर नक्षी म्हणजे वाया गेलेली जागा. जिथे खाच आहे तिथे रबर रस्त्याला टेकत नाही. आपल्या टायरला नक्षी लागते ती पाणी बाहेर फेकण्यासाठी, कारण सातारा रस्त्यावर पाऊस आला म्हणून आपण टायर बदलत बसत नाही. एफ-वनवाले बसतात. पिरेलीच्या सांगण्यानुसार निळा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, हिरवा ३० लिटर. गोट्या टायरला हे जमत नाही, म्हणून पावसात तो साबणासारखा निसटतो.

१९९८ ते २००८ या काळात कोरड्या रस्त्याच्या टायरलाही खाचा होत्या. त्या पाण्यासाठी नव्हत्या. रस्त्याला टेकणारं रबर कमी करून गाड्यांचा वेग उतरवायचा, एवढाच त्यांचा उपयोग.

४. 'टायर गेले' असं ड्रायव्हर रेडिओवर ओरडतो, पण टायर तर चांगले दिसतात. मग नक्की काय गेलेलं असतं?

टायर दोन तऱ्हांनी जातो. पहिली सरळ झीज: रबर घासून कमी होतं. टायरवर बारीक भोकं असतात, त्यांची खोली मोजून किती रबर उरलं ते कळतं. दुसरी तऱ्हा आतली. रबर फार तापलं की त्याची चिकटण्याची ताकद जाते, आणि जाडी शिल्लक असूनही गाडी वळणात बाहेर सरकते. ड्रायव्हर बहुतेकदा या दुसऱ्या प्रकाराबद्दल ओरडत असतो.

'ग्रेनिंग' हा शब्द ऐकलात की खोडरबर आठवा. वहीवर खोडरबर घासल्यावर त्याच्या गुंडाळ्या होतात आणि खोडरबरालाच चिकटून बसतात, तसंच. टायरचा वरचा थर थंड आणि ओढाताण जास्त, मग रबराचे दाणे सुटून पृष्ठभागावरच चिकटतात. गाडी मग त्या दाण्यांवर चालते. चारदोन फेऱ्या सांभाळून घेतल्या तर ते झडून टायर पुन्हा ताळ्यावरही येतो. 'ब्लिस्टरिंग' मात्र भाकरीला फोड यावा तसं असतं: आतून उष्णता साचते, फोड येतो, फुटतो आणि खड्डा पडतो. तो भरून येत नाही.

म्हणून चांगला ड्रायव्हर सतत पूर्ण ताकदीनं गाडी पळवत नाही. वळणाआधी जरा लवकर पाय उचलतो, एक्सलरेटर हळूच दाबतो. टीव्हीवर ते कंटाळवाणं दिसतं हे मान्य. माझ्या मते मात्र या खेळातलं सगळ्यात अवघड कसब तेच आहे.

५. पिरेलीला टिकाऊ टायर बनवता येत नाही का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. येतो की! पण मागणीच लवकर झिजणाऱ्या टायरची आहे.

२०१० पर्यंत ब्रिजस्टोनचे टायर होते आणि ते इतके भक्कम होते की एकदा बदलले की काम झालं. त्या वर्षी मॉन्ट्रियलच्या शर्यतीत अपवादानं टायर भराभर गेले, गाड्या पुन्हा पुन्हा पिटमध्ये आल्या आणि प्रेक्षक खूश झाले. २०११ पासून पिरेली एकमेव पुरवठादार म्हणून आली तेव्हा तिला सांगितलं गेलं: आम्हाला दर रविवारी मॉन्ट्रियल हवं.

आता धंद्याच्या बाजूनं बघा. मिलानची ही कंपनी जगाला महागडे टायर विकते आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या शोरूममध्ये मुद्दाम कच्चा माल मांडते. झीज बेताची असेल तर शर्यत रंगते आणि श्रेय ड्रायव्हरला जातं. झीज कमी पडली तर 'बोअर झालं' म्हणून शिव्या, जास्त झाली तर 'भंगार टायर' म्हणून शिव्या. एवढं करून कंपनी का टिकून आहे, ते १३ व्या प्रश्नात.

६. पिटमध्ये कधी यायचं हे ठरवतात कसं? अंडरकट म्हणजे काय?

टायर बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात. विक्रम १.८० सेकंदांचा, मॅक्लारेननं लँडो नॉरिससाठी २०२३ साली कतारमध्ये केलेला. खरा वेळ जातो तो पिट लेनमध्ये, कारण तिथे वेगाला बहुतेक ट्रॅकवर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते. ट्रॅकनुसार एकूण वीस-पंचवीस सेकंदांचा फटका बसतो. तो भरून निघेल इतका फायदा नव्या टायरमधून मिळणार का, हा सगळा हिशेब.

समजा तुम्ही पुढच्या गाडीच्या दीड सेकंद मागे आहात. तिला ओलांडता येत नाही, कारण तिच्या मागची हवा ढवळलेली असते आणि तुमची गाडी वळणात धरत नाही. अशा वेळी तुम्ही तिच्याआधी एक फेरी पिटमध्ये शिरता. नवे टायर घालून जीव तोडून एक फेरी मारता. ती जुन्या टायरवर रखडत असते. पुढच्या फेरीला ती पिटमधून बाहेर येते तेव्हा तुम्ही शेजारून निघून गेलेले असता. हा अंडरकट. टायर तापायला वेळ घेणारा असेल, थंडी असेल, तर उलटं घडतं: आधी गेलेला थंड टायरवर चाचपडतो आणि मागे राहिलेला फायदा उचलतो. तो ओव्हरकट.

भारतातलं उदाहरण पाहा. २०१३ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर सेबास्टियन फेटल पहिल्या क्रमांकावरून सॉफ्ट टायरवर सुटला आणि दुसऱ्याच फेरीच्या शेवटी पिटमध्ये आला. सॉफ्ट तिथे टिकणार नव्हते, म्हणून नियमापुरते वापरून टाकून दिले. बाहेर आला तेव्हा सतराव्या जागी होता. तिथून तो जिंकला आणि त्याच दिवशी सलग चौथ्यांदा जगज्जेता झाला. त्याच शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ सतराव्या जागेवरून सुटून एकदाच टायर बदलून तिसरा आला. एकाच ट्रॅकवर, एकाच दुपारी, दोन उलट हिशेब बरोबर ठरले.

७. एकदा तरी टायर बदलावाच लागतो हा नियम आहे का? मग काही जण थांबतच नाहीत ते कसं?

कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगवेगळ्या प्रकारचे टायर वापरावेच लागतात. या नियमातून सुटका दोन तऱ्हांनी होते.

एक, पाऊस. पावसाळी टायर वापरले की ही अट गळून पडते. २०२१ साली तुर्कस्तानात एस्तेबान ओकॉन एकाच हिरव्या सेटवर अख्खी शर्यत चालला आणि दहावा येऊन एक गुण घेऊन गेला. शर्यतीनंतरचे त्याच्या टायरचे फोटो पाहिलेत तर अंगावर काटा येईल.

दोन, लाल झेंडा. शर्यत थांबवली की उभ्या गाडीचे टायर बदलता येतात आणि तो बदल धरला जातो. २०२४ मध्ये मोनॅकोत पहिल्याच फेरीत अपघात झाला, सगळ्यांनी फुकटात टायर बदलले आणि उरलेली दुपार मिरवणूक निघाली. पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले त्याच क्रमानं पोचले. म्हणून २०२५ मध्ये मोनॅकोपुरता टायरचे तीन सेट वापरण्याचा नियम केला. मग काही टीमनी एका गाडीला मुद्दाम हळू चालवून दुसरीसाठी जागा तयार केली. नियम करणाऱ्यापेक्षा पळवाट शोधणारा एक पाऊल पुढे, हे आपल्याला काही नवं नाही.

८. सेफ्टी कार आली की सगळे पिटकडे का पळतात? आणि न पळालेल्याचं काय होतं?

अपघात झाला की सगळ्यांचा वेग आवरायला ट्रॅकवर एक गाडी येते, ती सेफ्टी कार. तिच्या मागे सगळे हळू चालत असतात, त्यामुळे पिटमध्ये जाण्याचा फटका बराच कमी बसतो. सेलमध्ये खरेदी करावी तसं.

न पळालेल्याची दोन उदाहरणं. २०२१, अबू धाबी. लुईस हॅमिल्टन आघाडीवर, त्याचे हार्ड टायर चौदाव्या फेरीपासूनचे. त्याच्यामागे विजेतेपदाचा प्रतिस्पर्धी मॅक्स फेर्स्टापेन. शेवटी सेफ्टी कार आली. हॅमिल्टन आत आला असता तर फेर्स्टापेन बाहेर थांबून पुढे गेला असता, म्हणून टीमनं त्याला आणलं नाही. फेर्स्टापेननं सॉफ्ट घातले. शेवटची एकच फेरी मोकळी मिळाली आणि त्या एका फेरीत हॅमिल्टनचं विजेतेपद गेलं. शर्यत ज्या रीतीनं पुन्हा सुरू केली त्यावर आजही भांडणं होतात, पण ताज्या सॉफ्टपुढे म्हाताऱ्या हार्डचं काही चालणार नव्हतं, यावर वाद नाही.

दुसरं उदाहरण २०२५, कतार, ५७ फेऱ्या. एका सेटवर २५ पेक्षा जास्त फेऱ्या चालायचं नाही, अशी सुरक्षेसाठी मर्यादा घातली होती. सातव्या फेरीला सेफ्टी कार आली. आता वजाबाकी करा: ५७ मधून ७ गेले, उरले ५०. बरोबर २५ आणि २५. सातव्या फेरीला टायर बदलणाऱ्याला पुढे एकदाच थांबून शर्यत संपवता येत होती. जवळजवळ सगळे आत आले. मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या आल्या नाहीत. फेर्स्टापेन जिंकला, मॅक्लारेनचा पियास्त्री दुसरा आणि नॉरिस चौथा. चौथीतल्या मुलाला जमणारं गणित जगातल्या सगळ्यात हुशार टीमला जमलं नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण सगळे आत जाणार हे त्यांना आधी दिसत नव्हतं, हेही खरं.

९. पावसात टायर बदलायची वेळ कोण ठरवतं, ड्रायव्हर की टीम?

रडारवरचा ढग टीमला दिसतो आणि पायाखालचा रस्ता ड्रायव्हरला. दोघांपैकी कोणीही चुकू शकतं. २०२१ मध्ये रशियात सोचीला नॉरिस आघाडीवर होता, पाऊस वाढेल हे न मानता गोट्या टायरवर बाहेर राहिला आणि हातातला पहिला विजय घालवून बसला. त्याच वर्षी हंगेरीत उलटं झालं. पुन्हा सुरुवात होताना बाकी सगळे कोरडे टायर घ्यायला पिटमध्ये वळले आणि हॅमिल्टन हिरव्या टायरवर ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, एकटाच उभा. एवढ्या मोठ्या मैदानात एकटी गाडी, समोर पाच दिवे. ते दृश्य विसरणं शक्य नाही.

सगळ्यात महागडी चूक माझ्या मते २००७ ची, शांघायची. रस्ता सुकत आला तरी हॅमिल्टनला झिजलेल्या पावसाळी टायरवर बाहेर ठेवलं. शेवटी पिटच्या तोंडाशीच गाडी घसरून खडीत रुतली. ते विजेतेपद तो एका गुणानं हरला.

१०. शर्यत संपल्यावर ड्रायव्हर मुद्दाम कडेच्या कचऱ्यावरून का चालवतात?

वजनासाठी. झिजलेल्या टायरचे तुकडे ट्रॅकच्या कडेला साचतात, त्यांना 'मार्बल' म्हणतात. गरम टायर त्यावरून नेला की ते चिकटतात आणि थोडं वजन वाढतं. हे गमतीचं वाटत असेल तर २०२४ ची बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवरची शर्यत आठवा. जॉर्ज रसेल एकदाच टायर बदलून जिंकला आणि गाडी किमान ७९८ किलोपेक्षा दीड किलो हलकी भरली म्हणून बाद झाला. जुन्या टायरमधून उडून गेलेलं रबर हे त्यामागचं एक कारण होतं. शिवाय स्पाला शर्यतीनंतर पूर्ण फेरी मारत नाहीत, म्हणजे मार्बल गोळा करायची सोयही नाही.

११. टायर फुटला तर दोष कुणाचा: कंपनीचा, टीमचा की ड्रायव्हरचा?

दरवेळी वेगळा, आणि दरवेळी भांडण.

१९८६, अॅडिलेड. नायजेल मॅन्सेलला त्या वर्षीच्या विजेतेपदासाठी तिसरा क्रमांक पुरत होता. त्याआधी पंक्चर झालेल्या प्रतिस्पर्धी प्रॉस्टचे काढलेले टायर पुरवठादार गुडइयरच्या माणसांनी तपासले आणि झीज ठीक आहे, थांबायची गरज नाही असं ठरवलं. थोड्याच वेळात सरळ रस्त्यावर मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. प्रॉस्ट जगज्जेता झाला.

२०१३, सिल्व्हरस्टोन. एकाच शर्यतीत चार ड्रायव्हरांचे मागचे डावे टायर उडाले. पिरेलीनं टीमकडे बोट दाखवलं: टायर डावे-उजवे उलटे लावले होते, हवा कमी ठेवली होती. टीमनी टायरकडे बोट दाखवलं. शेवटी टायरची रचना बदलावी लागली आणि हवेचा किमान दाब हा वादाचा कायमचा मुद्दा झाला. कमी हवेचा टायर रस्त्याला जास्त टेकतो, म्हणून टीमला तो हवाच असतो.

२०२०, पुन्हा सिल्व्हरस्टोन. लवकर आलेल्या सेफ्टी कारमुळे सगळ्यांनी लवकर टायर बदलले आणि ते फार लांब ओढले. शेवटच्या फेरीत हॅमिल्टनचा पुढचा डावा टायर बसला. तो तीन टायरवर लंगडत येऊन जिंकला. फेर्स्टापेन त्याच्या मागे होता, पण सगळ्यात वेगवान फेरीच्या एका जादा गुणासाठी नुकताच पिटमध्ये जाऊन आला होता.

१२. नारायण कार्तिकेयनला गुण मिळाले ते टायरमुळे, हे खरं का?

खरं आहे, आणि त्यात त्याला कमीपणा काही नाही. २००५ मध्ये शर्यतीत टायर बदलायलाच बंदी होती. इंडियानापोलिसला एक तिरकं, बँक केलेलं वेगवान वळण आहे. सरावात तिथे राल्फ शूमाखरची गाडी आदळली आणि आपले टायर त्या वळणावर टिकणार नाहीत, असं बहुतेक गाड्यांना टायर देणाऱ्या मिशेलिननं स्वतःच कळवलं. वळणाआधी वेग कमी करणारा अडथळा घालण्याची सूचना फेटाळली गेली. १९ जूनला मिशेलिनच्या १४ गाड्या सुरुवातीआधीची एक फेरी मारून गॅरेजमध्ये परतल्या. ब्रिजस्टोनवाल्या सहा उरल्या: फेरारी, जॉर्डन, मिनार्डी या टीमच्या. राल्फचा भाऊ मायकल शूमाखर जिंकला, त्या वर्षातला त्याचा एकमेव विजय. जॉर्डन चालवणारा कार्तिकेयन चौथा आला आणि एफ-वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. मिशेलिननं तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढच्या वर्षीची २०,००० तिकिटं वाटली. २००६ संपता संपता कंपनी एफ-वनमधून बाहेर पडली होती.

१३. एवढ्या शिव्या खाऊन पिरेलीला मिळतं काय?

नजर. गाडीवर जागा विकत घेणाऱ्या कंपन्यांची नावं एकदोन गाड्यांवर असतात, पिरेलीचं प्रत्येक गाडीवर चार वेळा. पोडियमवरच्या टोप्या तिच्या. पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवणाऱ्याला बक्षीस म्हणून छोटा टायर मिळतो तोही तिचा. रंगीत पट्टे प्रेक्षकांच्या सोयीसाठी आहेतच, पण त्या पट्ट्यातच नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे 'कुठला टायर आहे?' म्हणून बघणारा प्रत्येक जण नकळत नाव वाचतो. २०२३ मध्ये ब्रिजस्टोननं परत यायचा प्रयत्न केला, पण करार पिरेलीलाच मिळाला, २०२७ पर्यंतचा. तोट्याचा सौदा असता तर दोघी भांडल्या नसत्या.

टायर बदलण्याच्या दोन सेकंदांनाही प्रायोजक आहे: सगळ्यात जलद पिट स्टॉपचं बक्षीस डीएचएलचं. वेळेत पार्सल पोचवणाऱ्या कंपनीला याहून चपखल जाहिरात कुठे मिळणार?

१४. टायर जपणाऱ्या ड्रायव्हरला स्वतःला पैशाचा फायदा होतो का?

होतो. सर्जियो पेरेझ २०१२ मध्ये सौबरसारख्या छोट्या टीममध्ये होता. इटलीत माँझाला बाराव्या जागेवरून हार्डवर सुटला, पहिला टप्पा लांबवला आणि दुसरा आला. त्याच महिन्यात मॅक्लारेननं त्याला करारबद्ध केलं. छोट्या टीमसाठी उलट्या क्रमानं टायर लावण्याचा आणखी एक फायदा आहे: बाकीचे पिटमध्ये असताना गाडी काही फेऱ्या पुढे राहते आणि कॅमेरा तिच्यावर येतो. त्या फेऱ्यांत बाजूच्या पट्टीवरचं नाव वाचलं जातं.

१५. आपल्या टायर कंपन्या एफ-वनमध्ये का नाहीत?

पुरवठादार एकच, त्यामुळे जागाच नाही. रेसिंगमध्ये मात्र त्या आहेत. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवरच्या राष्ट्रीय स्पर्धांमागे जेके टायर आहे. एमआरएफच्या टायरवर २०२२ ची युरोपियन रॅली स्पर्धा जिंकली गेली. पण एमआरएफ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर रॅलीची गाडी येते का? सचिनची बॅट येते. आमच्या गल्लीत निम्म्या बॅटींवर खडूनं 'एमआरएफ' लिहिलेलं असायचं. भांडुपला कारखाना असलेल्या सीएटनं आयपीएलमधला टाइमआउट विकत घेतला. बॅटला टायरची गरज नाही, टाइमआउटलाही नाही. पण बॅटवरचं नाव कधी शेवटच्या फेरीत फुटत नाही.

१६. वापरलेले टायर विकत मिळतात का? घरी टेबल करायचंय.

पिरेलीचे टायर भाड्यानं दिल्यासारखे असतात. शर्यतीनंतर सगळे मोजून परत जातात, न वापरलेलेसुद्धा, आणि बरेचसे सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जळतात. टेबलासाठी जवळच्या रिमोल्डवाल्याकडे जा. ट्रकचा टायर जास्त मजबूत असतो.